व्यसनमुक्तीतील सोबती : अनुभव, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

व्यसनाच्या आजारातून स्वतः बाहेर पडलेली आणि त्या अनुभवाला रीतसर प्रशिक्षणाची जोड देऊन त्याच आजाराशी झगडणाऱ्या दुसऱ्याला साथ देणारी व्यक्ती अमेरिकेत ‘सर्टिफाइड पीअर स्पेशालिस्ट’ या पदनामाने ओळखली जाते. तिला येथे सोबती कार्यकर्ता म्हटले आहे. महाराष्ट्रात या प्रकारचे काम चार दशकांहून अधिक काळ चालू असले, तरी त्याची पात्रता, मर्यादा आणि मोबदला यांविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. परिणामी परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावात एखाद्याने दारू सोडून दोन-तीन वर्षे झाली आणि आता इतरांसाठी काही करावे असे त्याच्या मनात आले, तर त्याला मिळणारी माहिती बहुधा ऐकीव असते आणि तिच्यात तथ्यापेक्षा गैरसमजच अधिक असतात.

यांतील सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, ज्याने स्वतः दारू सोडली त्याला दुसऱ्याची सोडवता येते, वेगळे काही शिकण्याची गरज नसते. अनुभवामुळे विश्वास मिळतो हे खरे आहे. जे बोलणे रुग्ण डॉक्टरांपुढे टाळतो ते तो अशा माणसापुढे मोकळेपणाने बोलतो. परंतु अनुभव हा एका माणसाचा असतो आणि आजाराची रूपे अनेक असतात. स्वतः घरच्या घरी दारू बंद करून सुखरूप राहिलेला माणूस दुसऱ्यालाही तोच सल्ला देतो, तेव्हा तो नकळत त्याचा जीव धोक्यात घालत असतो, कारण दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था उद्भवू शकते. या अवस्थेत कंप, भास, दिशाभ्रम आणि ताप अशी लक्षणे दिसतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. भास होणाऱ्या माणसाला बाहेरची बाधा झाली असे समजून देवऋषीकडे नेण्याऐवजी जिल्हा रुग्णालयात नेले पाहिजे, हे ओळखता येणे आणि त्यापुढील निर्णय डॉक्टरांवर सोपवणे, हा सोबती कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा मानावा लागेल. औषध देणे, निदान करणे किंवा चालू औषध बंद करायला सांगणे त्याच्या अधिकारात बसत नाही.

ही सगळी कल्पना अमेरिकेतून आयात झालेली आहे, असेही काहींना वाटते. ते अर्धेच खरे आहे. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला हात देण्याची आधुनिक पद्धत १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथे स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेतून रूढ झाली आणि भारतात तिचे काम १९५७ मध्ये सुरू झाले, हे निर्विवाद आहे. मात्र महाराष्ट्रातील संस्थांनी ती पद्धत आपल्या मातीत स्वतंत्रपणे वाढवली. स्वतः मद्यपाशातून बाहेर पडलेले फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. उपचार घेऊन बरे झालेल्यांनी पुढे त्याच केंद्रात कार्यकर्ते म्हणून उभे राहावे, ही मुक्तांगणची रीत अमेरिकेतील प्रमाणपत्राच्या व्यवस्थेहून जुनी आहे. जॉर्जिया राज्याने सोबतीची सेवा शासकीय आरोग्य विम्यातून मोबदला मिळण्याजोगी ठरवली ती १९९९ मध्ये. त्यानंतर २००७ मध्ये तेथील केंद्र सरकारने अशा सेवेसाठी तीन अटी घातल्या : सक्षम व्यावसायिकाची देखरेख, रुग्णाच्या एकूण उपचार-योजनेशी समन्वय आणि राज्याने ठरवलेले प्रशिक्षण व प्रमाणपत्र. महाराष्ट्राकडे माणसे आणि रीत आधीपासून होती, त्या रीतीला मान्यता देणारी चौकट मात्र नव्हती, आणि ही उणीव आजही भरून निघालेली नाही.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा उल्लेख आला की आणखी एक गल्लत होते. त्या संघटनेतील ‘स्पॉन्सर’, म्हणजे नव्या सदस्याला तिच्या बारा पायऱ्यांच्या व्यसनमुक्ती-कार्यक्रमाच्या वाटेवर हाताशी धरून नेणारा जुना सदस्य, आणि सोबती कार्यकर्ता हे एकच समजले जातात. स्पॉन्सर कोणताही मोबदला घेत नाही, कोणाला अहवाल देत नाही, त्याचे नाते एका विशिष्ट कार्यक्रमापुरते असते आणि आपली व इतरांची ओळख जाहीर न करणे हा त्या संघटनेचा पाया आहे. सोबती कार्यकर्ता संस्थेला जबाबदार असतो, नोंदी ठेवतो, रुग्णाने निवडलेला मार्ग बारा पायऱ्यांचा नसला तरी त्या मार्गावर त्याला साथ देतो आणि वेतनाचा हक्कदार असतो. दोन्ही भूमिका एकच माणूस पार पाडू शकतो, पण एकाच रुग्णाच्या बाबतीत त्या एकत्र करू नयेत.

प्रमाणपत्राविषयीचा गोंधळ याहून मोठा आहे. एखादा अल्पमुदतीचा वर्ग पूर्ण करून मिळालेला कागद भिंतीवर लावला की आपण ‘परवानाधारक’ समुपदेशक झालो, असा समज पसरवला जातो आणि काही ठिकाणी त्यासाठी पैसेही उकळले जातात. भारतात सोबती कार्यकर्त्याला परवाना देणारा स्वतंत्र कायदा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. परंतु व्यावसायिक म्हणून मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोरुग्ण सामाजिक कार्यकर्ता यांसारख्यांनाच त्यात स्थान आहे. सोबतीला तेथे जागा नाही. तरीही काहीच दार उघडे नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या कर्मचारी-रचनेत ‘पीअर एज्युकेटर’ हे पद आहे आणि ते साक्षर, स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या, एक-दोन वर्षे व्यसनमुक्त राहिलेल्या व्यक्तीसाठी आहे. पदवीची अट समुपदेशकाच्या पदाला लागते, या पदाला नाही. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्याला हे काम मिळतच नाही, हाही गैरसमजच म्हणावा लागेल. आंतरराष्ट्रीय पातळीवर कोलंबो योजनेच्या प्रशिक्षण व प्रमाणीकरण केंद्राकडून ‘रिकव्हरी कोच’ ही पात्रता दिली जाते. ती उपयोगी आहे, पण तिने भारतात कायदेशीर अधिकार मिळत नाही. अमेरिकेतील केंद्रीय यंत्रणेने २०२३ मध्ये सुचवलेल्या आदर्श निकषांत ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण आणि देखरेखीखालचे १२० तासांचे प्रत्यक्ष काम अपेक्षित धरले आहे. वर्गातील तासांपेक्षा प्रत्यक्ष कामाचे तास किमान दुप्पट आहेत, ही गोष्ट प्रमाणपत्र विकणाऱ्यांनी नाही तरी ते विकत घेऊ पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

न शिकलेल्या माणसाकडून उपचार काय होणार, हा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो. त्याला गोव्यातील एका प्रयोगाने चांगले उत्तर दिले आहे. संगत या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. त्यांतील एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्या भेटींत समुपदेशन केले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातील २६ टक्के पुरुष घातक पिण्याच्या मर्यादेबाहेर आले होते. हे समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असावेत अशी अट नव्हती आणि अभ्यासातील पुरुष तीव्र अवलंबित्वाच्या अवस्थेतील नव्हते, त्यामुळे हा दाखला सोबती कार्यकर्त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर मानसशास्त्राची पदवी नसणे हा अडथळा ठरत नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. अशा मनुष्यबळाची निकड कळण्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील एक आकडा पुरेसा आहे : दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे आढळले.

सोबती कार्यकर्ता पुन्हा कधीच पिणार नाही, असे गृहीत धरले जाते आणि तो घसरला की सारे कामच खोटे ठरवले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संस्थेच्या मते व्यसनाच्या आजारात उपचारानंतर पुन्हा वापर सुरू होण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आहे आणि ते दमा किंवा उच्च रक्तदाबासारख्या दीर्घकालीन आजारांतील पुनरावृत्तीच्या जवळपास जाते. म्हणून चांगली संस्था कार्यकर्त्यावर नियमित देखरेख ठेवते, त्याला स्वतःच्या आधारगटात जाण्यास वेळ देते आणि तो घसरल्यास कामातून तात्पुरते बाजूला करून आधी त्याच्यावर उपचार करते. ‘मी आता बरा झालो, मला फॉलोअपची गरज नाही’ असे म्हणणारा माणूस या कामासाठी अयोग्य समजावा.

शहरातील नियम गावात तसेच्या तसे चालतील, हा गैरसमज मात्र प्रशिक्षकांचाच असतो. पुण्यात रुग्ण आणि कार्यकर्ता केंद्राबाहेर एकमेकांना क्वचितच भेटतात. पेडगावात ते एकाच पारावर बसतात, एकाच लग्नाच्या पंगतीत जेवतात, कदाचित चुलतभाऊ असतात, आणि दोघांच्या शेताच्या बांधाचा वादही असू शकतो. अनामिकतेचे तत्त्व येथे पाळणे अवघड असते, कारण कोण कोणत्या रात्री कोठे पडला होता, हे गावाला आधीच माहीत असते. गुप्ततेचे बंधन त्यामुळे सैल होत नाही, उलट अधिक कडक होते : गावाला जे माहीत आहे तेही कार्यकर्त्याच्या तोंडून दुजोरा मिळाल्याशिवाय चर्चेतच राहते, आणि दुजोरा मिळाला की त्याचे मुलाच्या सोयरिकीवर आणि सावकाराकडच्या उधारीवर परिणाम होतात. उसने पैसे न देणे, न घेणे, रुग्णाच्या घरच्या भांडणात पंच म्हणून न बसणे आणि ज्याच्याशी आपला जमिनीचा किंवा पैशाचा वाद आहे त्याची जबाबदारी दुसऱ्या कार्यकर्त्याकडे सोपवणे, या चार गोष्टी गावातील सोबतीसाठी प्रशिक्षणात स्वतंत्रपणे शिकवल्या गेल्या पाहिजेत. पिणाऱ्याच्या पत्नीला वेगळ्या सोबतीची गरज असते, हेही विसरू नये. मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट याच गरजेतून उभा राहिला आणि ते काम पुरुष कार्यकर्त्याने आपल्या अंगावर घेऊ नये.

मारून-बांधून व्यसन सुटते, ही समजूत तर कायद्यानेच बाद केली आहे. उपरोक्त अधिनियम रुग्णाला साखळीने जखडण्यास मनाई करतो, क्रूर वागणुकीपासून संरक्षण देतो आणि उपचार देणाऱ्या केंद्राला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक करतो. बरे झालेल्या एखाद्याने चार खोल्या भाड्याने घेऊन नोंदणीशिवाय आणि डॉक्टरशिवाय निवासी केंद्र उघडणे म्हणजे सेवा नव्हे, तो कायद्याचा भंग आहे.

या कामाकडे वळू इच्छिणाऱ्याने क्रम उलटा करू नये : आधी किमान दोन वर्षांची स्थिर व्यसनमुक्ती आणि नियमित फॉलोअप, मग नोंदणीकृत केंद्रात देखरेखीखाली स्वयंसेवा, त्यानंतर प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र किंवा पद. पेडगावच्या रहिवाशाला मानसिक आरोग्य सेवेसाठी पहिला संपर्क परभणीच्या जिल्हा रुग्णालयात करता येईल, आणि व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा रुग्ण, नातेवाईक आणि होऊ घातलेले कार्यकर्ते या सर्वांसाठी खुली आहे.