फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन गाडी बघायला

जुन्या गाड्यांच्या अ‍ॅपवर पुतण्याने ‘बेलापूर’ टाकलं आणि समोर आलेल्या गाड्या सगळ्या एमएच-४३. म्हणजे नवी मुंबईच्या, खाडीकाठच्या बेलापूरच्या. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं, एमएच-१७ चं. शिवाय रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन आहे ते श्रीरामपुरात, बेलापुरात नाही. नावाचा हा घोळ आम्हाला जन्मापासून सवयीचा. पण पुतण्या म्हणाला, “काका, तिकडच्या गाड्या स्वस्त पण दिसतायत,” तेव्हा म्हटलं, थांब जरा. खाडीच्या हवेत मीठ असतं. पत्र्यावरच्या ओलाव्यात ते विरघळलं की त्या ओलाव्यातून विद्युतभारित आयन सहज वाहतात, आणि गंज साध्या दमटपणापेक्षा कितीतरी वेगाने पसरतो. तोही दिसणाऱ्या रंगावर नाही, तर गाडीच्या पोटाखाली: सायलेन्सरच्या क्लिपा, सस्पेन्शनचे हात, दरवाज्यांच्या खालच्या कडा. वरून गाडी आरशासारखी. आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे इकडची गाडी गंजत कमी, घासली मात्र जास्त जाते. तिकडची गाडी घ्यायचीच तर आधी जॅकवर उचलून बघायची.

घरात माणसं पाच. पुतण्याला एसयूव्ही नको होती, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. ठेंगण्या गाडीचं समोरचं क्षेत्रफळ कमी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर एकट्या हवेसाठी जवळपास दुप्पट शक्ती. कोपरगावजवळून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या माणसासाठी हा हिशेब पेट्रोलच्या पावतीवर उतरतो. डिकीही खरी मिळते. चार मीटरच्या आतल्या सेडान म्हणजे करात सवलत मिळावी म्हणून शेपूट छाटलेल्या गाड्या. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचा कर उतरला, २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली आणि तिथून ही जात सुरू झाली. आम्हाला अख्खी सेडान हवी होती, साडेचार मीटरच्या आसपासची.

श्रीरामपूरच्या बाहेर एका डीलरकडे पहिली गाडी बघितली. २०१८ ची, पांढरी, पेट्रोल. “डॉक्टरांची गाडी आहे नाना, सिंगल हँड, शोरूम मेंटेन.” इतके डॉक्टर तालुक्यात असते तर दवाखान्यात रांग लागली नसती. मीटरवर एक्केचाळीस हजार. मी खिशातून लोहचुंबक काढलं. फ्रिजवर चिकटवलेलं, कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीचं, पातळ आणि वाकणारं. असंच लागतं. गोल, ताकदवान चुंबक या कामाला निरुपयोगी, ते खड्डे बुजवायला भरलेल्या लांबीवरूनही पत्रा ओढतं. पातळ चुंबकात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे शेजारी शेजारी असतात आणि त्याचं क्षेत्र एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जवळजवळ मरतं. त्यामुळे पत्रा आणि चुंबक यांच्यात काय आहे ते त्याला लगेच कळतं.

कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवतात. विजेच्या दाबाने पहिला थर बसतो, मग प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक लेप. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांची जाडी. गॅरेजमध्ये फवारलेला रंग त्यावर चढला की हा आकडा २५०-३०० च्या वर जातो, आणि खाली लांबी भरली असेल तर हजाराच्या पुढे. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.

डाव्या मागच्या दरवाज्यावर चुंबक टपकन बसलं. तिथून मागे, चाकाच्या वरच्या भागावर नेलं तर घसरून मातीत पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. डीलरने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “थोडं टचिंग आहे तिथं.”

टचिंग असणं हा गुन्हा नाही. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीला गाडी घासली नाही असा माणूस दाखवा. प्रश्न पत्र्याच्या आत काय झालं हा. आम्ही डिकीतला गालिचा काढला, स्टेपनी उचलली. कारखान्याचे स्पॉट वेल्ड बारीक गोल खळग्यांसारखे, सारख्या अंतरावर, शिस्तीत असतात. इथे डाव्या कोपऱ्यात तीन-चार इंच वेल्डिंगची वाकडीतिकडी रेघ होती, वर काळा रंग फासलेला. आताच्या गाड्यांच्या खांबांत आणि दांड्यांत अतिकठीण पोलाद असतं. लालबुंद तापवून साच्यातच झटक्यात थंड केल्यामुळे त्यात कठीण स्फटिकरचना गोठलेली असते. त्याला गॅसवर तापवून सरळ केलं की ती रचना मोडते आणि पोलाद मऊ पडतं. दिसायला सरळ, धडकेत वेगळंच. मिस्त्री कितीही हुशार असो, ती उष्णता मागे घेता येत नाही.

मग टायर. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर २२२१: २०२१ चा बाविसावा आठवडा. स्टेपनीवर ०५१८. म्हणजे स्टेपनी गाडीच्या जन्मापासूनची, आणि रस्त्यावरची जोडी दुसरी. शिवाय ही दुसरी जोडीही खाचांमधल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आलेली. एक जोडी साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जाते. दोन जोड्या संपवून मीटर एक्केचाळीस हजारांवर कसं राहतं? पुतण्याने ब्रेकच्या पेडलकडे बोट दाखवलं. रबराची नक्षी पार गेलेली.

शेवटचा पुरावा त्याच्या फोनमध्ये निघाला. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली निदानाचं सॉकेट असतं. त्यात आगपेटीएवढं ब्लूटूथ यंत्र खुपसलं की इंजिनाचा संगणक बोलायला लागतो. चुकांची नोंद शून्य. डीलर खूश. पण तोच संगणक आणखी एक गोष्ट सांगतो: नोंदी पुसल्यापासून गाडी किती चालली. उत्तर आलं, ११ किलोमीटर. शिवाय स्वतःच्या तपासण्या अजून ‘अपूर्ण’ असल्याचंही त्याने कबूल केलं. आमच्यासाठी सकाळीच पाटी कोरी केली होती. मीटर मागे फिरवणाऱ्याला ही नोंदही आठवायला हवी होती.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर प्रत्येक डागात खोट दिसायला लागते. दुसऱ्या एका गाडीत ऑइलचं झाकण उघडलं तर आत पिवळसर मलईसारखा थर. पुतण्या म्हणाला, “हेड गॅस्केट गेलं!” गेलंही असतं. पण मालक शिक्षक, रोज बेलापूर ते श्रीरामपूर सहा-सात किलोमीटर जायचं आणि यायचं. एवढ्यात इंजिन ऑइल नीट तापतच नाही, आत साठलेली वाफ बाहेर पडत नाही आणि झाकणाखाली पाणी-तेलाचं लोणी जमतं. कूलंट स्वच्छ होतं, पातळी बरोबर. तासभर हमरस्त्यावर पळवली, पुसलेल्या झाकणाखाली मलई परत आली नाही. हाच शिक्षक बीएस-सहा डिझेल गाडी चालवत असता तर मात्र मी लांब राहिलो असतो. त्या गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला धूर साडेपाचशे-सहाशे अंशांवर सलग बराच वेळ लागतो, आणि श्रीरामपूरपर्यंतच्या वाटेवर तो योग येत नाही.

जुनी गाडी बघताना जन्मसालाला किमतीइतकंच वजन द्यावं. एबीएस ब्रेक सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले २०१९ मध्ये, चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्वच गाड्यांत यायला २०२१ संपलं. एप्रिल २०२० ला बीएस-सहा आलं. आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलला धरून बनवल्या आहेत.

इथेनॉल म्हटलं की आमच्या भागात चर्चा मिटत नाही. शेजारी प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि आता आमच्याच शिवारातला ऊस टाकीतून फिरतो. अभिमान ठीक आहे, हिशेबही बघू. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागे जवळपास सात टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्यासाठी जुळवलेलं इंजिन हा तोटा बराच भरून काढतं, जुनं काढत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, आणि नव्याने जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली आहे. चौकात ‘अ‍ॅव्हरेज निम्मं झालं’ म्हणणाऱ्याने टायरमधली हवा तपासावी. मात्र २०२३ च्या आधीची गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या बघाच. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, आणि हवेतलं पाणीही ओढतं.

मग आम्ही नव्या गाड्यांकडे वळलो. तिथे खोटं कोणी बोलत नाही, फक्त परीक्षा वेगळ्या रस्त्यावर झालेली असते. माहितीपत्रकातलं अ‍ॅव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर मोजतात. गाडी जागच्या जागी, चाकं फिरतात, चालक पडद्यावरची रेघ धरून वेग वाढवतो-कमी करतो. खेळ सुमारे वीस मिनिटांचा, कमाल वेग ९०, एसी बंद. बेलापुरातून मे महिन्यात एसी बंद ठेवून पाच जण निघाल्याचं मला तरी आठवत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, महिन्याचा खर्च काढायला नाही. त्यासाठी टाकी फुल करायची, चारशे-पाचशे किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. आपल्या नगरजवळ वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई आहे. तिथे लष्करी वाहनांबरोबर नागरी वाहनांच्याही चाचण्या होतात. तिथल्या ट्रॅकवर वेगवेगळे रस्ते मुद्दाम बांधलेत. आमच्याकडे ते आपोआप होतात.

सुरक्षेच्या ताऱ्यांचंही तसंच. चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्चुस या सेडानना धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले. २०२३ मध्ये व्हर्नालाही पाच तारे मिळाले, पण त्याच अहवालात तिचा सांगाडा ‘अस्थिर’ नोंदवला आहे. तारे मोजून थांबणाऱ्याला हा फरक दिसत नाही. आणि समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. समृद्धीवर शंभराने जाताना अंगात त्याच्या सुमारे अडीचपट गतिज ऊर्जा असते.

राहिला आमचा खरा प्रश्न: चेंबर घासेल का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो तुकडा, त्यावर सेडान होडीसारखी तरंगत जाते. आमच्या रस्त्यावरचा गावकऱ्यांनी केलेला उंचवटा मी टेपने मोजला. उंची १४, रुंदी मीटरभरही नाही. पुढची आणि मागची चाकं जमिनीवर आणि हा मधोमध पोटाखाली. सिटी या सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. व्हर्चुसचा रिकामी असताना १७९, भरल्यावर १४५, आणि कंपनीने दोन्ही आकडे दिले हे मला आवडलं. मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत पन्नास किलो सामान म्हटलं तर मागच्या स्प्रिंगा चार-पाच सेंटिमीटर सहज दबतात. १४५ मधून १४० गेले, उरले पाच मिलिमीटर. डांबरातला एक खडा पुरे.

शोरूमवाल्याला म्हटलं, ट्रायल घ्यायची तर पाच जणांसकट आणि आमच्या रस्त्याने. तो ‘सर’ म्हणत टाळत होता, शेवटी तयार झाला. आई मागे बसली. बसणं सोपं असतं. घरी पोचल्यावर उतरायची वेळ आली तेव्हा भौतिकशास्त्र दिसलं. सेडानमध्ये माणूस गुडघ्यांपेक्षा खालीच बसतो. उठताना अख्ख्या शरीराचा भार गुडघ्यापासून लांब पडतो, आणि मांडीच्या स्नायूंना तो सगळा उचलावा लागतो. पंचाहत्तरीत त्या स्नायूंची ताकद बरीच घटलेली. आई दाराची चौकट धरून म्हणाली, “गाडी छान आहे रे, पण मला यातून काढायला विहिरीवरचा रहाट आणावा लागेल.” पुतण्याने आजीच्या कमरेखाली चार इंचांची उशी ठेवून पुन्हा बसवलं. उठली, स्वतःच्या स्वतः.

शेवटी घेतली ती शिक्षकांचीच. २०२१ ची. चुंबक सगळीकडे बसलं, चारही काचांवर एकच खूण, मीटर आणि सर्व्हिसचे कागद जुळले. उशी मागच्या सीटवर कायमची आहे. तिसऱ्याच दिवशी लग्नाला निघालो आणि त्या उंचवट्यावर पोटाखालून खर्रकन आवाज आला. आता तिथे आलो की मी आणि पुतण्या खाली उतरतो, वहिनी गाडी हळूच पलीकडे नेते, आणि आई आत बसून आम्हाला चालताना बघते.