धनुष्य आणि निशाण

धनुष्य आणि ध्वज यांची जोडी आपणां मराठी श्रोत्यांच्या मनात बाळपणापासूनच जमलेली असते. अर्जुन म्हटला की गांडीव आठवते, आणि गांडीवापाठोपाठ रथावरील कपिध्वज. महाभारतातील युद्धवर्णनांत प्रतिपक्ष्याचा ध्वज बाणाने छेदून पाडणे हा पराक्रम तर पुन्हा पुन्हा येतो. आज मी ज्या निशाणांविषयी बोलणार आहे ती मात्र अगदी साधी आहेत. हातरुमालाएवढे फडके आणि एक काठी, एवढाच त्यांचा संसार. पण ते फडके ज्याला वाचता येत नाही, त्याने बाण कितीही निर्दोष सोडला तरी त्याला हार पत्करावी लागते. म्हणून त्याची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘निशाण’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचा मूळ अर्थ खूण. मराठीत निशाण म्हणजे झेंडा, आणि ज्यावर नेम धरावयाचा तेही निशाणच. इंग्लंडातही असाच एक योग जुळून आला आहे. ‘क्लाउट’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कापडाचा तुकडा. तेथील तिरंदाज मैदानात दूरवर पांढरे फडके लावून त्याच्या रोखाने बाण सोडीत. त्यामुळे कापडाचे नाव लक्ष्याला मिळाले, आणि पुढे लक्ष्याचे नाव त्या खेळालाच पडले.

लांब पल्ल्याची ही तिरंदाजी तेथे निव्वळ करमणूक नव्हती. एके काळी इंग्लंडच्या पायदळाची सारी भिस्त लांब धनुष्यावर होती. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५४१ साली झालेल्या कायद्याने, चोवीस वर्षांवरील पुरुषांनी २२० यार्डांहून जवळच्या लक्ष्यावर सराव करू नये असा निर्बंध घातला होता. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात एक वृद्ध न्यायाधीश आपल्या दिवंगत मित्राची आठवण काढतो. हा मित्र २४० यार्डांवरील फडके टिपणारा होता, हीच त्याची थोरवी!

हा खेळ अद्यापि खेळला जातो. ब्रिटिश प्रथेप्रमाणे पुरुषांसाठी निशाण १८० यार्डांवर, जमिनीलगत रोवलेले असते. निशाणावरच बाण लागला पाहिजे असे नाही. बाण त्याच्या किती जवळ जमिनीत रुतला त्यावर गुण ठरतात. दीड फुटाच्या आत पाच गुण, तीन फुटांच्या आत चार, आणि असे कमी होत होत बारा फुटांपर्यंत एक. मोजणी करण्यासाठी निशाणाच्या काठीला खुणा केलेली दोरी अडकवितात आणि ती ताणून भोवती फिरवितात. यातील एक गंमत सांगतो. एवढ्या अंतरावर बाण पोहोचवावयाचा तर धनुष्य पुष्कळ वर उचलावे लागते, आणि मग धनुष्य धरलेल्या मुठीआडच निशाण दडते. म्हणून कित्येक तिरंदाज हाताच्या खालून निशाणाकडे पाहत बाण सोडतात.

पुढे रंगीत वर्तुळे काढलेली उभी लक्ष्ये रूढ झाली. तेथे नेम धरण्यासाठी निशाणाची गरज उरली नाही. मग ते नाहीसे झाले काय? नाही, ते लक्ष्याच्या माथ्यावर जाऊन बसले आणि त्याने नवे काम पत्करले. पूर्वी ते लक्ष्य होते, आता ते वाऱ्याचे साक्षीदार झाले. १९३१ साली स्थापन झालेल्या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांप्रमाणे मैदानी स्पर्धांत प्रत्येक लक्ष्याच्या मध्यावर, त्याच्या वरच्या कडेपासून ४० सेंटिमीटर उंचीवर, हलक्या कापडाचे व सहज दिसेल अशा रंगाचे, बहुधा पिवळे, निशाण लावावे लागते. ते कोणत्याही बाजूने २५ सेंटिमीटरांहून लहान वा ३० सेंटिमीटरांहून मोठे असता कामा नये.

या चिमुकल्या साक्षीदाराचे महत्त्व कशात आहे? ऑलिंपिक सामन्यांत साध्या धनुष्याने ७० मीटरांवर नेम धरावयाचा असतो. लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर. पण दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे. बाणाला हे अंतर कापण्यास सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत आडवा वारा त्याला एका अंगाला ढकलतो, आणि दहाचे आठ व्हावयास फारसा जोर लागत नाही. म्हणून तिरंदाज एक तर नेम धरण्याची कळ थोडी सरकवितो, किंवा मुद्दाम मध्य सोडून वाऱ्याच्या दिशेला नेम धरतो. सोन्यासारखे पिवळे वर्तुळ समोर असताना त्याच्या बाहेर नेम धरावयाचा, यास मनाचा निग्रह लागतो!

परंतु येथेच खरी अडचण आहे. साक्षीदार प्रामाणिक आहे. पण तो आपल्या जागेपुरतेच सांगतो. निशाण फडफडते ते लक्ष्याजवळच्या वाऱ्याने. तिरंदाजाच्या अंगावर येऊन त्याचा हात हलविणारा वारा निराळा असू शकतो. आणि वाटेत बाण सुमारे तीन मीटर उंच चढतो, तेथील वारा आणखी तिसराच. भोवती प्रेक्षकांच्या उंच गॅलऱ्या असल्या म्हणजे वारा त्यांना अडून फिरतो, आणि मग शेजारशेजारची दोन निशाणेही परस्परविरुद्ध दिशांना हलू लागतात. क्रिकेटची पंढरी म्हणून आपण ज्या लॉर्ड्सच्या मैदानाला ओळखतो, तेथे २०१२ च्या ऑलिंपिकमधील तिरंदाजी झाली होती. अशा बंदिस्त जागी निशाणांवर किती विसंबावे याचा निवाडा तिरंदाजाला स्वतःच करावा लागतो. तोही सावकाश नव्हे. वैयक्तिक सामन्यात पाळीपाळीने बाण सोडताना प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. निशाण शांत होण्याची वाट पाहावी तर ताणलेल्या खांद्याचे बळ सरते. न पाहावी तर झुळूक बाणाला घेऊन जाते.

एका बाणाची किंमत ती काय, असे कोणी म्हणेल. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, चाके बसविलेल्या कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात, साताऱ्याच्या आदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते ठरले. देवतळे यांचा अंतिम सामना १५० विरुद्ध १४९ असा सुटला. पंधरा बाणांपैकी प्रतिस्पर्ध्याचा एकच बाण दहाच्या वर्तुळाऐवजी नवाच्या वर्तुळात गेला. या प्रकारात ५० मीटरांवरील लक्ष्याची वर्तुळे एकमेकांपासून अवघ्या चार सेंटिमीटर अंतरावर असतात. सुवर्ण आणि रौप्य यांमधील अंतर बोटांनी मोजता येण्याजोगे!

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा कधी तिरंदाजीचा सामना पाहण्याचा योग आला, तर आपली दृष्टी केवळ बाणावर खिळवू नका. लक्ष्याच्या माथ्यावरील त्या पिवळ्या फडक्याकडेही पाहा. एखादा तिरंदाज पूर्ण ताणलेले धनुष्य बाण न सोडताच खाली उतरवील, आणि प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होईल. तो कचरला असे चटकन म्हणू नका. पुष्कळदा त्या क्षणी निशाणाने त्याला काही सांगितलेले असते, आणि त्याने ते ऐकलेले असते.