काडी लावून राखलेलं रान

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनच्या पूर्वेला, काकाडू राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक स्वतःच गवताला काडी लावतात. सुमारे २० हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखाचे मूळ मालक, म्हणजे उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय, वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांतला ‘येग्गे’ मे-जूनमधला. गवत शेंड्याला वाळलेलं, बुडाशी अजून ओल. तेव्हा लावलेली आग जमिनीलगत सरकते, रात्रीच्या दवात बहुधा विझूनही जाते. झाडांचे शेंडे शाबूत, प्राण्यांना पळायला वाव. हेच गवत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तसंच राहिलं तर वणवा कुणाला आवरत नाही. विसाव्या शतकात माणसं मिशनांत आणि वस्त्यांत गेली, जाळणारे हात कमी झाले आणि असे वणवे वाढले. माणूस हटवला की जंगल वाचतं, हा आपला लाडका समज इथे टिकत नाही.

पावसाआधीचा ऋतू ‘गुनुमेलेंग’. आपल्याकडे मृगाचा किडा दिसला की शेतकरी आभाळाकडे बघतो. इथे त्या सुमारास केशरी-निळा नाकतोडा दिसतो, आल्युर. तो वीजपुरुष नामार्गोनचं लेकरू. उद्यानातल्या बुरुंगकुयच्या कातळावर खुद्द नामार्गोन रंगवलेला आहे. अंगाभोवती विजेची कमान, गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी. त्या आपटल्या की गडगडाट. तिथली ठळक चित्रं मात्र १९६०च्या दशकातली, चित्रकार नायोम्बोल्मी आणि त्याच्या सोबत्यांनी काढलेली. पुरातत्त्वाच्या शिस्तीत वाढलेल्या आपल्या मनाला हे खटकेल, पण जुन्यावर नवं रंगवणं हीच इथली रीत. १९८१मध्ये युनेस्कोने काकाडूला जागतिक वारसा ठरवलं, तेही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर.

या वारशाच्या पोटात युरेनियम आहे, ही खरी पंचाईत. उद्यानाने वेढलेली रेंजर खाण २०२१पर्यंत चालली. जाबिलुकाची खाण तिथल्या मिरार लोकांनी इव्हॉन मार्गारुला यांच्या नेतृत्वाखाली लढून अडवली. बुरुंगकुयजवळच्या कूंगारातही साठा सापडला होता. तिथले जोक कुळातले जेफ्री ली स्वतः उद्यानात वनरक्षक होते. हो म्हटलं असतं तर गडगंज झाले असते. त्यांनी खाणीला नकार दिला. २०११मध्ये कूंगाराची जमीन जागतिक वारशात आली आणि २०१३मध्ये उद्यानात.