झाडांची निगा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. नांदेडला किनवट-माहूरच्या सागवानाचा आधार आहे, पण तो शहरापासून लांब. म्हणूनच आपल्या रस्त्यांवरचा एकेक जुना वड, एकेक कडुलिंब लाखमोलाचा. तो सांभाळायला शिकलेले हात हवेत. या कामाबद्दलचे गैरसमज आधी दूर करू.

गैरसमज : कुऱ्हाड चालवता आली की छाटणी जमते.
वस्तुस्थिती : फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते. काप त्याच्या लगत, बाहेरून घ्यायचा. कडे कापले तर जखम नीट भरत नाही. खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी तीन कापांत उतरवतात : खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून, मग थोडे पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट. खालचा काप टाळला, तर पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते.

गैरसमज : कापावर डांबर किंवा रंग फासला की कीड लागत नाही.
वस्तुस्थिती : अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून अभ्यासली. झाड कुजका भाग आतूनच बंदिस्त करते. लेपाने कूज थांबत नाही.

गैरसमज : मुळे खोल असतात, बुंध्याशी काँक्रीट चालते.
वस्तुस्थिती : पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले, ते याचसाठी.

गैरसमज : यात शिक्षण नाही, भवितव्यही नाही.
वस्तुस्थिती : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय लातुरातच आहे. माती, कीड, रोग यांचा पाया तिथे पक्का होतो. दोर, हार्नेस, हेल्मेटसह झाडावर चढणे मात्र जाणत्याच्या हाताखालीच शिकावे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या प्रमाणपत्र परीक्षेलाही साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षण असेल तर त्यात सूट मिळते. कामाला कायद्याचे बळ आहे : राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे आली आणि झाडाला इजा करणे हीसुद्धा वृक्षतोड ठरली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला.

झाडाचे वय ठरवणे, धोकादायक फांदी ओळखणे, पुनर्रोपण करणे ही सगळी जाणकारांची कामे आहेत. लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांनी छाटणीच्या निविदेत प्रशिक्षित माणसाची अट घालावी. शिकणारी मुले आपोआप पुढे येतील.