फडावरच्या मुलांची शाळा

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच कोल्हापुरात ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्यांबरोबर शाळकरी मुलेही येतात. आईबाप पहाटे फडात जातात. मोठी मुलगी खोपीत धाकट्याला सांभाळते. तिची शाळा बुडते.

इथे दंड कुणाला करणार? उचल घेतलेल्या जोडप्याला घरी थांबता येत नाही. म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. कलम 9 प्रमाणे स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे कलम 5 सांगते.

मुकादम हे सांगणार नाही. आपण सांगितले पाहिजे. कार्यकर्त्यांनो, खोप्यांवर जा. सहा ते चौदा वयाच्या मुलांची यादी मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. धाकट्यांसाठी अंगणवाडी मागा, तरच ती मोठी बहीण मोकळी होईल. प्रवेश नाकारला तर कलम 32 खाली तक्रार करा. शाहू जयंतीला हार जरूर घाला. पण हंगामात ही यादीही करा.