पडली तर?

आम्ही सायकलवेड्या मुलींना बीएमएक्स शिकवतो, तेव्हा त्यांच्या आया पहिल्यांदा हेच विचारतात. अहो, पडणारच! म्हणून तर बीएमएक्सची चाकं 20 इंचांची आणि सीट एवढी खाली, की उभ्यानंच चालवायची. तोल गेला की पाय चटकन जमिनीला टेकतो. माउंटन बाइकचं वेगळं. मोठी चाकं, जाड खाचांचे टायर; खडकाळ वाटेवर हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते.

2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत हवेत गिरकी घेत उलटी कोलांटी मारताना पडली. दुसऱ्या फेरीत तिनं तीच कोलांटी मारली, सुवर्णपदक जिंकलं.

सायकल भावाची जुनी चालेल. हेल्मेट मात्र एकदा जोरात आपटलेलं असेल, तर तडा दिसत नसला तरी मुलीला घालू नका.