पीचची हौस आणि पुरंदरचे अंजीर

हिमाचलच्या सहलीत खाल्लेल्या पीचची बी रुमालात बांधून थेरगावला आणणारे कोणी ज्येष्ठ आपल्याही घरात असतील. उत्तरेकडे या फळाला आडू म्हणतात. त्याची बी रुजण्यालाही थंडी लागते. म्हणून कोणी ती फ्रीजमध्ये ठेवून रुजवतो, कोणी थेट कलमच मागवतो. लांबट, हिरवीगार पाने फुटतात आणि घर आनंदते. पुढे दोन वर्षे जातात, तीन जातात. फळ काही धरत नाही. आजोबा रोज सकाळी गच्चीवर जाऊन फांद्या न्याहाळतात आणि काही न बोलता खाली येतात. त्यांची काळजी घेणाऱ्याने या गप्प परतण्याकडे लक्ष द्यावे. पंचाहत्तरीनंतर वाट पाहण्याचा हिशेब निराळा असतो.

यात दोष कोणाच्या हाताचा नाही. पीच हे हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाणारे झाड आहे. ही झोप पुरी होण्यासाठी साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी बराच काळ मिळावी लागते. अनेक जुन्या जातींना असे ६०० ते १,००० तास लागतात. पंजाबच्या मैदानात लावली जाणारी ‘शान-ए-पंजाब’ किंवा ‘फ्लोरडासन’ यांची गरज बरीच कमी, पण तीही काही शे तासांची. पुण्याचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते. पारा ७ च्या खाली उतरला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, आणि तेवढी थंडीही पहाटेपुरतीच. पवनेकाठच्या थेरगावात झाडाची झोप पुरी व्हायची कशी? अर्धवट झोपलेले झाड कशीबशी चार पाने काढते आणि तसेच उभे राहते.

झाडाला विश्रांती हवी हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवे नाही. थंडी पुरेशी नसली तरी पाणी त्याच्या हाती असते. डाळिंबाचे, लिंबाचे पाणी काही काळ तोडून तो झाडाला ताण देतो, मग खतपाणी देऊन बहार धरतो. पीचची भूक अशा ताणाने सहसा भागत नाही; अंजिराचे मात्र या हवेत उत्तम जमते. दिवे घाट चढून गेले की पुरंदर तालुका लागतो. तिथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घरी झाड लावायचेच असेल, तर मी याच अंजिराची शिफारस करीन. काडीपासून केलेले चांगले रोप बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवू लागते.

पुष्कळ आज्यांची एक शंका असते. उंबर फोडले की केंबरे उडतात. मग त्याच कुळातल्या अंजिरात किडे नसतील कशावरून? आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या ‘पूना’ अंजिराला फळ धरण्यासाठी परागीभवन करणाऱ्या कीटकाची गरज पडत नाही. म्हणून एकटे झाडही फळते. मात्र पिकून फुटलेले फळ पाहूनच खावे.

दोनशे लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग अंजिराला पुरतो. तळाला भोके हवीत. पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरावी. ओल्या मातीसह याचे वजन दीडशे किलोंच्या घरात जाते, तेव्हा जागा सोसायटीला विचारून ठरवावी. ऊन सहा तास तरी हवे. पिंप विटांवर उंच ठेवले, तर पाणी निथळते आणि कमरेला वाकावे लागत नाही. खाली थाळी ठेवली असेल, तर आठवड्यातून एकदा ती कोरडी करावी; डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

पाणी घालण्याचे काम ज्येष्ठांकडेच असू द्या. बादलीऐवजी लहान झारी द्या, पाइप पायवाटेत पडू देऊ नका आणि जवळ एक भक्कम खुर्ची ठेवा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बसल्याजागेवरून सावकाश उठावे. विस्मरणाचा त्रास असेल, तर तीच व्यक्ती दिवसात चारदा पाणी घालते आणि मुळे कुजतात. अशा वेळी ‘आत्ताच घातलं ना!’ असे म्हणू नये. कॅलेंडरवर दोघांनी मिळून खूण करावी. झारीत पाणीच थोडे भरून द्यावे. कीटकनाशकाची बाटली अशा घरात हाताशी नसावीच.

छाटणी मात्र काळजी घेणाऱ्याने करावी. पाऊस ओसरला की, पितृपक्ष-नवरात्राच्या सुमारास, दहा-पंधरा दिवस पाणी अगदी कमी करावे. मग फांद्यांचे शेंडे छाटून खतपाणी सुरू करावे. नव्या फुटीवर येणारी फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकू लागतात. अंजिराचा पांढरा चीक कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडले, तर फोड येतात. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना अधिक जपावे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि संध्याकाळची वेळ हे पथ्य सोडू नये. स्टुलावर चढू नये. झाडच खुजे राखावे. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो. ती पाने वेचून दूर टाकावीत आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी घालावे.

फळ देठाशी वाकले आणि बोटाला मऊ लागले की काढावे. कच्चे तोडलेले अंजीर घरात नीट पिकत नाही. बुलबुलांची नजर त्याच्यावर आपल्या आधी असते, म्हणून पातळ कापडाची पिशवी बांधावी. दात नसलेल्यालाही हे फळ खाता येते आणि त्यातील चोथ्याने बद्धकोष्ठाला उतार पडतो. मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. सुक्या अंजिरात साखर कितीतरी दाटलेली असते आणि पोटॅशियमही बरेच, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय खाऊ नये.

आणि आधीच लावलेले ते पीच? आजोबांना न विचारता ते उपटू नका. फळ का येत नाही, ते त्यांना एकदा शांतपणे सांगा. आपल्या हातून काही चुकले असे त्यांना वाटत असते. मग अंजिराचे पिंप त्याच्या शेजारी ठेवा. पीचचे पुढे काय करायचे, ते त्यांचे ते ठरवतील.